पहिल्या पाठाआधीचा पाठ

विज्ञानाच्या प्रयोगवहीत कृतीच्या आधी साहित्य व मांडणी असते आणि शेवटी दक्षता असते. हा क्रम केवळ शिस्तीसाठी नाही. मांडणी न समजता केलेल्या प्रयोगातून आकडे मिळतात, पण त्या आकड्यांचा अर्थ लागत नाही, हे प्रत्येक विज्ञान शिक्षकाला ठाऊक असते. संगणकाच्या शिक्षणात मात्र मांडणीला हा मान मिळालेला नाही. वेब ॲप्लिकेशन कसे लिहावे हे शिकवणारी साधने आज विपुल आहेत. पण ते लिहिण्यासाठी स्वतःचा संगणक कसा सज्ज करावा हा भाग बहुतेक ठिकाणी एक कटकट म्हणून उरकला जातो. चार आज्ञा द्या आणि पुढे चला, असा त्याचा थाट असतो. प्रस्तुत लेखात आम्ही अशा काही शिक्षणसाधनांचे परीक्षण करणार आहोत. त्यांचा आशय चांगला आहे की नाही हा आमचा प्रश्न नाही, तो बहुतांशी चांगलाच आहे. जत किंवा दहिवडीसारख्या ठिकाणी, आसपास विचारायला कोणी नसताना, एखादा शिक्षक या साधनांच्या आधारे एकट्याने आपली प्रयोगशाळा उभी करू शकेल काय, हा आमचा निकष आहे.

हा निकष काल्पनिक नाही. बालभारतीच्या २०२० सालच्या बारावीच्या माहिती तंत्रज्ञान या पाठ्यपुस्तकात सर्व्हरच्या बाजूने चालणाऱ्या पीएचपी भाषेवर स्वतंत्र प्रकरण आले. अशी भाषा शिकवायची तर विद्यार्थ्यांच्या संगणकावर सर्व्हर चालू असावा लागतो, नुसता ब्राउझर पुरत नाही. सांगलीत १९४७ पासून वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि तेथे लिनक्स वापरणाऱ्या विद्यार्थ्यांचा स्वतःचा गट आहे. कराडला १९६० पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थी अडला तर शेजारच्या बाकावर उत्तर मिळते. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांतील कनिष्ठ महाविद्यालयाच्या शिक्षकाला मात्र छापील किंवा पडद्यावरील मजकूर हाच शेजारी असतो. म्हणून तो मजकूर कसा आहे हे तपासणे अगत्याचे आहे.

फ्रेमवर्क आणि 'स्थानिक' यांचा अर्थ

प्रथम दोन शब्दांविषयी. शाळेचा निकाल, ग्रंथालयाची नोंदवही, दूध संकलन केंद्राचा हिशोब ही सर्व कामे वेगळी असली तरी त्यांच्या वेब ॲप्लिकेशनमध्ये काही गोष्टी समान असतात. वापरणाऱ्याची ओळख पटवणे, नोंदी साठवणे, कोणत्या पत्त्यावर कोणते पान दाखवायचे ते ठरवणे, ही ती समान कामे. ती पुन्हा पुन्हा लिहावी लागू नयेत म्हणून तयार करून ठेवलेला सांगाडा म्हणजे फ्रेमवर्क. पायथन भाषेतील जँगो हा असाच एक सांगाडा आहे. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत २००३ साली तो आकाराला येऊ लागला आणि २००५ साली सर्वांसाठी खुला झाला. रोजच्या रोज नवी पाने लागणाऱ्या जागी तो जन्मल्यामुळे झटपट काम हे त्याचे वैशिष्ट्य राहिले.

दुसरा शब्द 'स्थानिक'. एरवी आपला ब्राउझर दूरच्या सर्व्हरकडे पान मागतो. स्थानिक मांडणीत मागणारा आणि देणारा दोघेही एकाच संगणकात राहतात. जँगोचा सरावाचा सर्व्हर चालू केला की ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ हा पत्ता आणि ८००० हे दार, म्हणजे पोर्ट, लिहून पान उघडता येते. विद्यार्थी येथे हमखास एक प्रश्न विचारतात. हाच पत्ता मोबाइलवर लिहिला तर पान का दिसत नाही? उत्तर सोपे आहे. १२७.०.०.१ हा पत्ता 'मी' या सर्वनामासारखा आहे. जो उच्चारतो त्याच्यापुरताच त्याचा अर्थ. मोबाइलने 'मी' म्हटले की तो स्वतःकडेच पाहतो, आणि तेथे सर्व्हर नसतो. एका साध्या आकड्यातून जाळ्याची एवढी मोठी कल्पना शिकवता येते. मांडणी हाच पाठ आहे असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

जँगोची पाठमाला : जमेची बाजू

जँगोची अधिकृत पाठमाला आठ भागांची आहे. मतदानाचे, म्हणजे प्रश्न विचारून पर्यायांवर मते घेण्याचे, एक छोटे ॲप्लिकेशन तिच्यात टप्प्याटप्प्याने उभे राहते. तिचे गुण मोकळेपणाने सांगितले पाहिजेत. नवा प्रकल्प सुरू करण्याची आज्ञा दिली की काही फाइली आपोआप तयार होतात, आणि त्यांतील प्रत्येक फाइल कशासाठी आहे हे पाठमाला लगेच सांगते. सरावाचा सर्व्हर खऱ्या वापरासाठी नाही, असा इशारा ती स्पष्ट शब्दांत देते. नोंदी साठवण्यासाठी सुरुवातीला स्क्यूलाइट वापरले जाते. ते पायथनबरोबरच येते आणि सर्व नोंदी एकाच फाइलमध्ये ठेवते, त्यामुळे वेगळे काही बसवावे लागत नाही. नवशिक्याच्या डोक्यावरचा भार यामुळे निम्मा होतो.

सर्व्हर प्रथम चालू केला की पडद्यावर एक सूचना येते. नोंदींच्या तक्त्यांचे काही बदल अजून लागू केलेले नाहीत, असे ती सांगते. पाठमाला म्हणते की तूर्त याकडे दुर्लक्ष करा, लवकरच पाहू. दुसऱ्या भागात ते वचन पाळलेही जाते. चांगला शिक्षक वर्गात हेच करतो. पण सर्वांत मोठे कौतुक पाचव्या भागाचे केले पाहिजे. प्रश्न अलीकडे प्रसिद्ध झाला आहे काय हे सांगणारा जो तुकडा आपण आधी लिहिलेला असतो, त्यात एक चूक आहे, हे पाठमाला तेथे उघड करते. भविष्यातील तारखेचा प्रश्नसुद्धा 'अलीकडचा' ठरतो! ही चूक आधी चाचणी लिहून पकडायची आणि मग दुरुस्त करायची. चूक हे शिकण्याचे साधन आहे ही गोष्ट इतक्या सहजपणे सांगणारी पाठ्यपुस्तके आमच्या पाहण्यात थोडी आहेत.

जेथे हात सुटतो

नेमका येथेच आमचा आक्षेप सुरू होतो. पाचव्या भागात चुकीला एवढा मान देणारी पाठमाला पहिल्या भागाच्या उंबरठ्यावर मात्र चुकीबद्दल मौन पाळते. पहिला भाग सुरू होतो तो जँगो आधीच बसवलेला आहे असे गृहीत धरून. बसवण्याच्या सूचना वेगळ्या पानांवर आहेत, विंडोजसाठी आणखी वेगळ्या. त्या चुकीच्या नाहीत, परंतु सर्व काही सुरळीत झाले तर काय दिसेल हेच त्या प्रामुख्याने सांगतात. नेहमीच्या अडचणींना विंडोजच्या पानाच्या तळाशी थोडी जागा मिळाली आहे. नवशिक्याला तर पहिल्या तासातच चार अडथळे भेटतात.

पहिला अडथळा : आज्ञा देण्याच्या काळ्या खिडकीत पायथन हा शब्द लिहिला, तर विंडोज तो ओळखत नाही किंवा थेट आपले दुकान उघडते. पायथन बसवताना त्याची जागा विंडोजच्या शोधयादीत नोंदवण्याच्या चौकोनात खूण करायची राहिली, एवढेच कारण असते. दुसरा : प्रकल्पापुरते वेगळे पर्यावरण चालू करण्याची आज्ञा दिली की विंडोजची पॉवरशेल ही खिडकी ती चालवण्यास नकार देते, कारण तिचे सुरक्षा धोरण लिखित आज्ञावली चालू देत नाही. तिसरा : काल चालणारे काम आज 'जँगो नावाचे काही सापडत नाही' असे म्हणून थांबते, कारण ते वेगळे पर्यावरण आज पुन्हा चालू केलेले नसते. चौथा : ८००० हे दार आधीच वापरात आहे असा संदेश येतो, कारण सर्व्हर दुसऱ्या एका खिडकीत चालूच राहिलेला असतो.

या चारही अडथळ्यांची कारणे शिकवण्याजोगी आहेत. तिसरेच घ्या. प्रयोगशाळेत एका प्रयोगाचे द्रावण दुसऱ्यात मिसळू नये म्हणून आपण प्रत्येक प्रयोगाच्या बाटल्या वेगळ्या ठेवतो. प्रकल्पापुरते वेगळे पर्यावरण म्हणजे अशा बाटल्यांची वेगळी फळी. एका प्रकल्पाला जँगोची जुनी आवृत्ती हवी, दुसऱ्याला नवी, तर दोन्ही एकाच संगणकावर नांदू शकतात. ज्याला हे कळले त्याला 'सापडत नाही' या संदेशाचे भय उरत नाही. आपण चुकीच्या फळीसमोर उभे आहोत हे तो ओळखतो. ज्याला कळले नाही तो सर्व पुन्हा बसवतो, आणि बहुधा संगणक आपला विषय नाही असा निष्कर्ष काढतो. चार ओळींच्या स्पष्टीकरणाअभावी विद्यार्थी विषय सोडतो, ही किंमत फार मोठी आहे.

आवृत्तीचा मुद्दा तर आपल्या जुन्या प्रयोगशाळांसाठी कळीचा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या जँगो ५.० पासून पुढे पायथन ३.१० किंवा त्यानंतरची आवृत्ती लागते. पायथन ३.९ पासूनच्या आवृत्त्या विंडोज ७ वर बसत नाहीत. ज्या प्रयोगशाळेत अजून विंडोज ७ आहे तेथे पायथन ३.८ आणि जँगो ४.२ हीच शेवटची जोडी. जुळणारी आवृत्ती बसवणारी आज्ञा आपोआप निवडते आणि शिक्षकाला पत्ताच लागत नाही, की समोरची पाठमाला एका आवृत्तीची आहे आणि संगणकावर दुसरीच बसली आहे. पाठमालेत आवृत्ती तपासण्याची आज्ञा दिलेली आहे, आणि आपल्या आवृत्तीची पाठमाला निवडण्याची सोयही आहे. पण आपल्याकडे जुनी आवृत्ती का आली याचा उलगडा तेथे होत नाही. जुन्या यंत्रावर लिनक्स बसवणे हा अधिक टिकाऊ उपाय होय, कारण विंडोज ७ ला निर्मात्यांचा आधार जानेवारी २०२० मध्येच संपला आहे.

घड्याळ आणि भाषा

नव्या प्रकल्पाच्या मांडणीच्या फाइलमध्ये दोन ओळी अशा असतात की त्यांत आपला प्रदेशच नसतो. भाषा अमेरिकी इंग्रजी आणि वेळ जागतिक प्रमाणवेळ. दुसऱ्या भागात पाठमाला वेळेची ओळ बदलण्यास एका वाक्यात सांगते आणि पुढे जाते. आपल्या शिक्षकाने येथे थांबावे अशी आमची शिफारस आहे.

कृष्णाकाठच्या एखाद्या दूध संकलन केंद्राचे उदाहरण घ्या. पहाटे ५ वाजता दुधाची नोंद झाली. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. ती ओळ न बदलता चालवलेले ॲप्लिकेशन ही नोंद आदल्या दिवशी रात्री ११.३० ची म्हणून दाखवील. तारीख बदलली, म्हणजे दहा दिवसांच्या हिशोबात एका सकाळचे दूध मागच्या दहा दिवसांतसुद्धा जाऊ शकते! त्या ओळीत आशिया-कोलकाता हा विभाग लिहिला की दोष जातो. रेखांश आणि प्रमाणवेळ हा भूगोलातला पाठ, नोंदीतली चूक आणि एका ओळीची दुरुस्ती, हे सारे एका तासात बसते. पाठमालेतील एका वाक्यात ही सर्व शक्यता झाकून राहते.

भाषेची ओळ मराठीवर नेली तर जँगोच्या तयार प्रशासनपटावरील काही शब्द मराठीत दिसू लागतात, कारण स्वयंसेवकांनी त्यांचे भाषांतर करून ठेवले आहे. पाठमाला मात्र मराठीत नाही. जपानी, कोरियन, इंडोनेशियन अशा भाषांमध्ये जँगोच्या माहितीपानांची भाषांतरे झाली आहेत, त्या यादीत मराठी नाही. याचा दोष लॉरेन्सच्या लोकांना देता येणार नाही. तो मान आपला आहे.

मराठी आवाजातील पाठ

मराठीत काहीच नाही असेही नव्हे. मुंबईच्या आयआयटीने केंद्र सरकारच्या साहाय्याने चालवलेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' या प्रकल्पाने मुक्त आज्ञावलींवर सुमारे दहा-दहा मिनिटांच्या चित्रफिती केल्या, आणि त्यांतील अनेकांना मराठी आवाज दिला. पडदा इंग्रजीत, निवेदन मराठीत, आणि पाहणाऱ्याने थांबत थांबत शेजारी स्वतः करून पाहायचे अशी त्यांची पद्धत आहे. पीएचपी व मायएसक्यूएल यांच्या मालिकेत झॅम्प हा तयार सर्व्हरसंच बसवण्याचा पाठही आहे. बारावीच्या शिक्षकांना तो थेट उपयोगी पडेल.

या प्रकल्पाची एक गोष्ट आम्हांला विशेष मोलाची वाटते. चित्रफितीची संहिता लिहून झाली की ती विषय न जाणणाऱ्या नवशिक्याला दिली जाते. त्याला ती वाचून काम जमले तरच पुढची पायरी. तज्ज्ञाला जे दिसत नाही ते नवशिक्याला पहिल्या मिनिटात दिसते. पायथनचा तो खुणेचा चौकोन कोणत्याही तज्ज्ञाच्या लक्षात राहत नाही, कारण त्याचा हात तेथे आपोआप जातो.

उणीव आहे ती माध्यमाची. लिखित पान एका ओळीने दुरुस्त होते, चित्रफीत पुन्हा करावी लागते. त्यामुळे चित्रफितीतली खिडकी आणि आपल्या संगणकावरची खिडकी यांत काळाबरोबर अंतर पडते, आणि मुद्दा समजण्याऐवजी बटण शोधण्यात वेळ जातो. शिवाय दहा मिनिटांच्या चौकटीत 'असे करा' बसते, 'असे का' सुटते. म्हणजे जँगोच्या पाठमालेत नवशिक्याची चाचणी हवी आहे, आणि स्पोकन ट्युटोरियलमध्ये कारणमीमांसा.

बंद डब्याचा मोह

मुंबईतच तयार झालेल्या फ्रॅपे या फ्रेमवर्कचा उल्लेख येथे केला पाहिजे. व्यवसायाचे हिशोब सांभाळणारी ईआरपीनेक्स्ट ही मुक्त आज्ञावली त्यावर उभी आहे आणि ती देशाबाहेरही वापरली जाते. आपल्याकडील मुलांना हे अवश्य सांगावे. पण पहिल्या धड्यासाठी फ्रॅपे जड आहे. पायथनबरोबर मारियाडीबी, रेडिस, नोड अशी अनेक साधने आधी बसवावी लागतात, आणि विंडोजवर ते सरळ बसतही नाही. यावर सुचवला जाणारा सोपा मार्ग म्हणजे सर्व साधने आधीच बसवलेला एक बंद डबा, ज्याला कंटेनर म्हणतात, तो उतरवून घ्यायचा. दूरच्या सर्व्हरवर तयार प्रयोगशाळा भाड्याने घेणे हा त्याच्याच पुढचा टप्पा.

कामाच्या ठिकाणी हे मार्ग उत्तम आहेत. शिकताना मात्र डबा उघडला नाही तर आत काय आहे हे कळत नाही, आणि जाळे बंद पडले की दूरची प्रयोगशाळाही बंद पडते. स्थानिक मांडणी एकदा केली की तिला जाळ्याची गरज उरत नाही. पायथनचा संच, जँगो आणि त्याला लागणाऱ्या दोन-तीन छोट्या फाइली मिळून ५० मेगाबाइटच्या आत बसतात. जेथे जाळे चांगले आहे तेथे एकदा त्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्या, आणि बसवणाऱ्या आज्ञेला बाहेर न जाता याच फोल्डरमधून घे असे सांगावे. जँगोची माहितीपानेही एकत्र उतरवून घेता येतात. एका पेनड्राइव्हवर वीस संगणकांची प्रयोगशाळा उभी राहते.

काय हवे

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि पुढे साताऱ्याला तिचे केंद्र झाले. स्वावलंबी शिक्षण हे तिचे ब्रीद. 'कमवा व शिका' योजनेत विद्यार्थ्याने श्रम करून शिकायचे, आयते घ्यायचे नाही, हा विचार होता. तोच विचार संगणकाला लावला तर आपल्याला हवे असलेले साधन कसे असावे हे आपोआप ठरते.

ते दहा-बारा पानांचे मराठी पुस्तक असावे. प्रत्येक पानावर तीन रकाने असावेत : कोणती आज्ञा द्यायची, ती दिल्यावर संगणकात नेमके काय घडते, आणि अपेक्षेप्रमाणे घडले नाही तर कोणते संदेश येतात व त्यांचे कारण काय. पडद्यावरचा संदेश इंग्रजीतच जसाच्या तसा छापावा, कारण विद्यार्थ्याला तोच दिसणार आहे. स्पष्टीकरण मराठीत असावे. कोणत्या आवृत्तीसाठी लिहिले ते पहिल्या पानावर ठळक असावे. आणि छापण्यापूर्वी अकरावीच्या अशा एका विद्यार्थ्याला ते द्यावे की ज्याने काळी खिडकी कधी उघडलेली नाही. तो जेथे अडेल तेथे विद्यार्थ्याला नव्हे, पुस्तकाला दुरुस्त करावे.

हे काम मोठ्या संस्थेची वाट पाहणारे नाही. सांगलीच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना संगणकाचे ज्ञान आहे, माण आणि जतच्या शिक्षकांना वर्गातल्या अडचणी ठाऊक आहेत. दोघे एका सुट्टीत एकत्र बसले तर पहिला मसुदा तयार होईल. तोपर्यंत शिक्षकांनी जँगोची पाठमाला जरूर वापरावी, परंतु पहिल्या भागाआधी एक तास मांडणीसाठी राखून ठेवावा. त्या तासात वरील चारपैकी दोन अडथळे मुद्दाम निर्माण करावेत आणि विद्यार्थ्यांना त्यांची कारणे शोधू द्यावीत.